सोयाबीन निघालं की सर्फिंग

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. दिग्रसकडच्या एका श्रोत्याने पाठवला होता, सव्वा मिनिटाचा, मागे मोटारपंपाचा आवाज. म्हणतो, "भाऊ, आम्ही चौघं पोट्टे आहो. पंधरा ऑगस्टले जोडून सुट्ट्या येऊन रायल्या. समुद्रावर जाऊन सर्फिंग करायचं ठरवलं. पावसात लाटा मोठ्या राह्यते म्हणते. तिघाले पोहता येते, एकाले नाही येत, पण बोर्डाले दोरी असतेच ना. घरी शेगाव सांगून निघतो. तुम्ही फक्त प्लॅन सांगा."

तर राजेहो, प्लॅन सांगतो. पूर्ण सांगतो. फक्त तारीख बदलून सांगतो, आणि त्यातलं शेगाव काढून.

आधी एक बोलू द्या. यवतमाळच्या पोराने सर्फिंगचं नाव काढलं की समोरचा हसतो. आपल्याकडे पाणी म्हणजे निळोणा आणि चापडोहमध्ये किती उरलं त्याचा आकडा. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्यासाठी काय हाल झाले ते तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलंय, कॅन घेऊन रांगेत उभे राहिलाय. आणि जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने असं वेढलं की लोकांना काढायला हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली. म्हणजे पाण्याशी आपली ओळख दोनच तऱ्हेची. एक तर नळाला नाही, नाही तर थेट घरात. खेळायचं पाणी ही गोष्ट आपल्या वाट्याला फारशी आलीच नाही. म्हणून कोणी खेळायला निघालं तर मला आनंदच आहे. हसणाऱ्यांना हसू द्या.

आणि हा खेळ आता फक्त हवाईच्या लोकांचा राहिलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकपासून, म्हणजे २०२१ मध्ये जे झालं तिथपासून, सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, तिथे रमेश बुडिहाळने कांस्यपदक घेतलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. इशिता मालवीय हे नाव तुम्ही ऐकलं असेल, भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिला ओळखतात. ती वाढली मुंबईत, समुद्राच्या शेजारी. पण सर्फिंग तिला भेटलं ते २००७ मध्ये, कर्नाटकात मणिपालला कॉलेजात गेल्यावर. समुद्र शेजारी असून इतकी वर्षं काही झालं नाही, दूर गेल्यावर झालं. मग आपण तर आधीच दूर आहोत.

आता कुठे जायचं ते आधी नक्की करू. कोकणात स्कुबा शिकायचं असेल तर तारकर्ली आहे. पण सर्फिंग शिकवणाऱ्या जुन्या, रुळलेल्या शाळा पाहायच्या तर डोळ्यासमोर दोन पट्टे येतात. एक चेन्नईच्या दक्षिणेचा, कोवलम ते महाबलीपुरम. दुसरा कर्नाटकातला, मुल्की ते उडुपी. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातही शाळा आहेत, पण तिथे सीझनमध्ये गर्दी आणि खर्च दोन्ही अंगावर येतात. तुमच्या मेसेजमध्ये पाऊस, हिरवळ, लांबचा किनारा असं सगळं होतं, म्हणून मी कर्नाटक धरतो. मुल्कीला २००४ पासून सर्फ क्लब आहे, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. उडुपीजवळ कोडी बेंगरे नावाचं गाव आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदीची खाडी, मधे रेतीची एक पट्टी आणि त्या पट्टीवर गाव. इशिताचा क्लब तिथलाच. नारळ, मासे वाळत घातलेले, तुळू आणि कोकणी बोलणारी माणसं. मराठी थोडी कळते, हिंदी चालून जाते.

पाऊस म्हणाल तर आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर. तिकडे त्याच्या चौपट. थोडं आत घाटात आगुंबे आहे, तिथे तर सात हजारांच्या वर. म्हणजे पाऊस तुम्हाला हवाच असेल तर कमी पडणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. पावसात लाटा मोठ्या असतात हे खरंच आहे. मग ऑगस्टला नको का म्हणतोय?

लाट कशी होते ते पहा. वारा पाण्यावर घासत जातो, पाण्याला ऊर्जा देतो. हा वारा हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या समुद्रात सुटला असेल तर तिथून निघालेल्या लाटा प्रवास करता करता नीट ओळीत लागतात. किनाऱ्यावर येतात तेव्हा दोन लाटांमध्ये बारा-पंधरा सेकंदांचं अंतर असतं. त्यांना स्वेल म्हणतात. सर्फिंगला हेच पाहिजे. पण वारा तिथल्या तिथे, किनाऱ्यासमोरच सुटला असेल तर लाटा गोंधळलेल्या, एकावर एक, सहा-आठ सेकंदांनी. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा थेट समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, आणि दिवस-दिवस थांबत नाही. मोठी लाट आणि गोंधळ, दोन्ही एकदम. एका लाटेने पाडलं, तुम्ही नाकातलं पाणी काढताय, तेवढ्यात दुसरी डोक्यावर. श्वास घ्यायला वेळच नाही.

आता उंची. अंदाजात लिहिलेलं असतं, लाट तीन मीटर. आपल्याला वाटतं जास्तीत जास्त तीन. तसं नसतं बरं. तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. मधूनच एखादी त्याच्या दुप्पट उंच येऊ शकते. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. कापसाचं गाठोडं अंगावर पडलं तरी माणूस दचकतो, हे तर एक टन, आणि तेही धावत येणारं.

मासेमारीचं गणित पहा म्हणजे पटेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांची वीण हे एक कारण, खवळलेला समुद्र हे दुसरं. आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, मग होड्या घालतात. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते लोक थांबतात. गोव्यात जीवरक्षक पावसाळाभर लाल झेंडे लावून पाण्यात उतरू नका म्हणून सांगत असतात. आणि दर पावसाळ्यात बातमी येतेच, फिरायला आलेले बुडाले. आपल्याकडच्या, म्हणजे लांबून आलेल्या पोरांच्या बातम्या त्यात असतात. ती पोरं मूर्ख नसतात. आपण तालुक्याच्या शाळेत पावसाळा शिकतो तो पेरणीचा. समुद्राचा पावसाळा आपल्याला कोणी शिकवलेलाच नसतो.

रिप करंटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे माहीत नसल्यामुळेच माणसं जातात. लाटा सतत किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. जिथे रेतीच्या बांधात खिंड असते तिथून ते सगळं एका ओढ्यासारखं समुद्राकडे निघतं. जोराचा रिप तासाला आठ-नऊ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे ऑलिम्पिकच्या पोहणाऱ्यापेक्षा जोरात. गंमत काय, त्या जागी लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, गडद पाण्याची पट्टी दिसते. लांबून आलेला माणूस म्हणतो, इथे शांत आहे, इथेच उतरू. नेमका तिथेच उतरतो.

पैनगंगेच्या किंवा अडाणच्या पुरात ज्याने हातपाय मारलेत त्याला ओढ माहीत असते. फरक एवढाच की नदी तुम्हाला नेतच राहते, रिप मात्र लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे जाऊन संपतो. तो खाली ओढत नाही, फक्त दूर नेतो. माणूस मरतो तो किनाऱ्याकडे तोंड करून त्या ओढीच्या उलट पोहून पोहून, दमून. सापडलात तर पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा. अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, ओढ सुटली की मग लाटांसोबत तिरपं बाहेर या. एवढं वाक्य चौघांनी पाठ करा. मी परीक्षा घेणार नाही, पण घेतल्यासारखं करा.

मग जायचं कधी? इथे मला समुद्राचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर शेजारी ठेवून पाहायला मजा आली.

जून, जुलै तर समुद्र बंद, आणि आपल्याकडे पेरणी. त्या दिवसांत घरात बियाणं-खताचा हिशोब चालू असतो, तेव्हा फिरायला पैसे मागायचे नाहीत, एवढं कळतं आपल्याला. ऑगस्टमध्ये निंदण, फवारणी, मग पोळा. सप्टेंबरमध्ये गणपती, आणि शेवटी सोयाबीन पिवळं पडायला लागतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा कापणी आणि मळणी, तेव्हा घरातून हललात तर बाप बोलणार नाही, पण आयुष्यभर आठवण ठेवेल. आणि कापसाची पहिली वेचणी रंगात यायच्या आधी, सोयाबीन विकून हातात थोडे पैसे आलेले असताना, पाच-सहा दिवसांची फट मिळते. बहुतेक वेळा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. दिवाळी कधी येते त्यावर थोडं पुढे-मागे.

समुद्राच्या बाजूने पाहिलं तर हीच वेळ बरोबर. मान्सून देशातून पूर्ण परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख १५ ऑक्टोबर आहे. नैऋत्येचा वारा मरतो. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हळू, आणि येणाऱ्या लाटेला समोरून धरून ठेवतो, म्हणून ती सुबक फुटते. स्वेल असतो पण लहान. शाळाही पावसाळ्यानंतर याच सुमारास पुन्हा नीट भरतात, फोन करून खात्री करून घ्या. आणि पाऊस? तोही असतो. दुपारनंतर ढग भरतात, परतीचा पाऊस कोसळतो, सगळं हिरवंगार. तुम्हाला हवं होतं ते सगळं आहे, फक्त ऑगस्टची दादागिरी नाही.

कोणी म्हणेल, मग ते मे-जूनमध्ये मंगळुरूजवळ स्पर्धा होतात त्या काय? होतात. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग पणंबूर आणि ससिहित्लूच्या किनाऱ्यावर मे-जूनच्या सांध्यावर झाली आहे, कारण तेव्हा लाटा तगड्या होतात. पण ते खेळाडू लहानपणापासून पाण्यात आहेत, आणि स्पर्धेच्या वेळी जेट-स्की घेऊन वाचवणारी माणसं उभी असतात. आयपीएल पाहून आपण थेट एकशे पन्नासच्या बॉलिंगसमोर हेल्मेटशिवाय उभे राहतो का?

तर ऑगस्ट ते ऑक्टोबर दोन-अडीच महिने हातात आले. त्यात काय करायचं तर पोहणं.

जो मित्र म्हणतो बोर्डाला दोरी असते, त्याला हे नीट ऐकवा. ती दोरी घोट्याला बांधतात, ती बोर्ड वाहून जाऊन दुसऱ्या कोणाच्या डोक्यात बसू नये म्हणून. ती तुटते. आणि सुटली नाही तरी लाट बोर्डला खेचते, बोर्ड तुमच्या पायाला खेचतो. बोर्ड म्हणजे लाइफ जॅकेट नाही. पोहता येत नसेल तर त्या मित्राने यायचं, किनाऱ्यावर बसायचं, मासे खायचे, व्हिडिओ काढायचे. गुडघाभर पाण्यात शिक्षकासोबत फेसात लोळायचं. त्यापुढे नाही. आणि चांगली शाळा पोहता येतं का हे आधी विचारते. जी विचारत नाही तिथून परत फिरा, स्वस्त असली तरी.

आणि ज्या तिघांना येतं त्यांनाही विचारतो, कुठे शिकलात? आपल्यातले बहुतेक विहिरीत शिकलो. पाठीला डबा बांधून काकाने किंवा थोरल्या भावाने ढकललं, चार दिवसांत डबा सुटला. विहिरीतलं पोहणं म्हणजे उडी मारायची, वर यायचं, चार हात मारून पायरी धरायची. छान आहे, भीती जाते. पण विहिरीला लाट नसते, ओढ नसते, आणि पायरी सहा फुटांवर असते. समुद्राला पायरीच नाही. म्हणून माझी फूटपट्टी अशी: न थांबता दोनशे मीटर, कुठल्याही पद्धतीने, आणि त्यानंतर दहा मिनिटं पाठीवर नुसतं तरंगणं. तरंगणं जास्त महत्त्वाचं, कारण दमलेला माणूस तरंगला तर वाचतो. हे सगळं जलतरण तलावात, शिकवणारा माणूस समोर असताना करा. पुराच्या नदीत किंवा धरणाच्या बॅकवॉटरमध्ये प्रॅक्टिस करायला जाऊ नका, त्याने समुद्राचा धोका टळेल आणि घरचा वाढेल.

दुसरी तयारी ओसरीवर होते. बोर्डवर पालथं झोपून दोन्ही हात बरगड्यांजवळ ठेवायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला हे निम्मं येतंच, फक्त इथे हळू चालत नाही. सतरंजीवर रोज वीसदा करा. आजी विचारेल हे काय चाललंय. सांगा तिला, बेडूकउड्या.

आता प्रवास. यवतमाळला मोठ्या लाइनची गाडी अजून पोचलेली नाही. शकुंतला बंद पडली, वर्धा-यवतमाळ-नांदेडचं काम चालू आहे, वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तोवर आपलं धामणगाव किंवा बडनेरा. एसटीने धामणगाव गाठायचं. नागपूर-मडगाव अशी एक विशेष गाडी धामणगाव, बडनेरा करत पनवेलवरून कोकण रेल्वेने जाते. आठवड्यातून दोनदा असते आणि तिची मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून तारीख ठरवायच्या आधी ती त्या आठवड्यात आहे का ते पहा. एक दिवस-एक रात्र लागते. मडगावला उतरून पुढे उडुपी किंवा मुल्कीची गाडी, ही दोन्ही स्टेशनं कोकण रेल्वेवरच आहेत. दुसरा रस्ता, बडनेऱ्याहून भुसावळ आणि तिथून रोजची मंगला लक्षद्वीप थेट उडुपी. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो, फक्त तिकीट दोन महिने आधी काढा, दिवाळीच्या आसपास मुंबईकडची गर्दी काय असते ते सांगायला नको.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतं, गाड्या हळू चालवतात. म्हणजे ऑगस्टमध्ये गेला असता तर तीन दिवसांच्या सुट्टीतले दोन गाडीतच गेले असते. हेही त्या जोडून सुट्टीच्या प्लॅनविरुद्ध एक कारण. चार दिवस किनाऱ्यावर पाहिजेतच. पहिल्या दिवशी अंग दुखतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, खरी मजा तिसऱ्या दिवशी सुरू होते. आणि चारपैकी एक दिवस पाऊस खाणार असं धरूनच पैसे आणि वेळ ठेवा. तो दिवस वाया गेला असं म्हणू नका, पावसात खाडीकाठी बसून मासळीची कढी आणि भात खायला मिळणं हे काही कमी नाही.

सामान फार नको. बोर्ड तिथेच मिळतो. शिकणाऱ्याला आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा बोर्ड देतात, लागला तरी डोकं फुटत नाही. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घ्या, नाहीतर छाती आणि पोट घासून सोलून निघतं. सुती बनियन घालू नका, ती पाणी पिऊन जड होते. जखमेला लावायचं औषध, आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी.

मोबाइलवरून आठवलं. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, १९९९ पासून. देशाच्या समुद्राचे अंदाज तिथून निघतात. पांढरकवड्यावरून जो हायवे आदिलाबादकडे जातो तो पुढे हैदराबादलाच जातो, म्हणजे समुद्राची बातमी देणारं ऑफिस आपल्याला समुद्रापेक्षा जवळ आहे. त्यांचं समुद्र नावाचं ॲप आहे. रोज सकाळी तीन गोष्टी पाहायच्या: लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि वारा. नवख्यासाठी अर्धा ते एक मीटर पुरे. त्या दिवशी उंच लाटांचा इशारा असेल तर चर्चा नको, पाण्यात नाही जायचं. वीज पडण्यासाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या संस्थेचं, ते शेतकऱ्यांच्या घरी बहुतेक असतंच. ऑक्टोबरची दुपार म्हणजे विजांची वेळ. शेतात ढग गडगडले की आपण झाडाखालून निघतो, तसं पाण्यातून निघायचं. सपाट समुद्रावर सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकं असतं.

आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर नदीच्या मुखाजवळ उतरू नका. पाणी गढूळ होतं, वरून लाकडं, फांद्या, गावाची घाण सगळं वाहून येतं. पायाला कापलेलं असेल तर चिखलाच्या पाण्यातून अनवाणी फिरू नका, लेप्टो त्यातूनच होतो.

पाण्यात गेल्यावरचं शिक्षक सांगेलच, मी तीनच गोष्टी सांगतो. एक, पहिले दोन दिवस फुटून झालेल्या पांढऱ्या फेसाच्या लाटेवरच शिकायचं, कमरेएवढ्या पाण्यात. लाज वाटते, कारण शेजारी आठ वर्षांची कोळ्याची पोरं हिरव्या लाटेवर नाचत असतात. वाटू द्या. दोन, बोर्ड कधीही लाट आणि तुमच्या मधे ठेवू नका, तो बाजूला धरा. नाहीतर लाट तोच तुमच्या तोंडावर आणते. तीन, पडताना डोक्यावर सूर मारायचा नाही, विहिरीची सवय इथे सोडा. खाली रेती किती खोल आहे दिसत नाही. पसरून पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर.

उभं राहायला जमलं की तीन सेकंद मिळतात. मोजून तीन. पण पायाखालून काहीतरी जिवंत धावतंय आणि त्याने तुम्हाला उचललंय, असं त्या तीन सेकंदांत वाटतं. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटरसायकल, कशातच ते नाही. यापुढे सांगत नाही, तुम्हीच पहा.

पुढची स्वप्नं नंतर. लिटल अंदमानला हट बे नावाचं बंदर आहे, जहाजाने जावं लागतं, बटलर बेच्या लाटांसाठी जगभरातून लोक येतात. इंडोनेशियात सुमात्राजवळ मेंटावाई बेटं आहेत, वर्षभर पाऊस, रात्रभर बोटीत. पण तिथे जवळ मोठा दवाखाना असेलच असं नाही, वाचवायला कोणी असेलच असं नाही. निदान दोन-तीन सीझन अंगात मुरल्यावर.

आता शेगावचं. बडनेऱ्याहून भुसावळकडची गाडी शेगाववरूनच जाते, म्हणजे तुमचं खोटं अर्धं खरं आहे, हे मला मान्य. पण विचार करा. काही झालं, साधा पाय मोडला, तर उडुपीच्या दवाखान्यातून फोन येणार आणि घरचे म्हणणार, आमचा पोरगा तर शेगावला आहे. पहिले दोन तास नुसते पटवण्यात जातील. आणि आपल्या जिल्ह्यातल्या घरांमध्ये पोरगा सांगितल्या जागी नाही, ही बातमी कशी लागते ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या आईबापांनी फार वाईट फोन घेतलेत.

खरं सांगायची एक पद्धत सांगतो. आधी पोहायला शिका, दोनशे मीटर झालं की व्हिडिओ घरी दाखवा. शाळेचं नाव, शिक्षकाचा नंबर, राहायच्या घराचा पत्ता एका कागदावर लिहून फ्रिजवर नाही तर देवघरात चिकटवा. वडिलांना तारीख सांगताना सोयाबीन निघाल्यावर जातो, असं सांगा. एवढं ऐकल्यावर निम्मा विरोध गळतो, कारण ज्या पोराने कापणीची तारीख धरून प्लॅन केला तो डोकं ठिकाणावर ठेवून चाललाय हे त्यांना कळतं. आई म्हणेल, "काऊन जातं बापा तिथं, आपल्या नदीत काय कमी पाणी हाय?" त्याला उत्तर नाही. हसून घ्या. आणि येताना शेगावला खरंच उतरा, प्रसाद घेऊन या, म्हणजे तोही शब्द राहिला.

दिग्रसच्या मित्रा, चौथ्याला आधी पोहायला घाला. अडीच महिन्यांत होतं. आणि बाकीच्यांना एक विनंती. तुमच्या तालुक्यात मोठ्या मुलांना आणि खासकरून मुलींना नीट पोहायला शिकवणारं कोणी असेल, तलाव असेल, बॅच असेल, तर मला व्हॉइस मेसेज करा. पुसद, वणी, उमरखेड, राळेगाव, कुठूनही. नाव, जागा, वेळ, फी एवढं सांगा. आधी त्यांची परवानगी घ्या, मग पुढच्या भागाच्या सुरुवातीला मी ती यादी वाचून दाखवीन.